सुपारी फुटेपर्यंत उठायचं नाही

"दाजी, चहाला थांबायचं का? इथनं पुढं चांगलं हॉटेल न्हाई बघा."

माझा भाऊ दिनकर गाडी चालवत होता. त्याच्या शेजारी हे बसलेले, परीटघडीचा पांढरा सदरा घालून. मागच्या सीटवर मी, पेढ्यांचे पुडे आणि विहीणबाईंसाठी घेतलेली साडी.

"नको. चल पुढं," हे म्हणाले.

"न्हाई, पाय मोकळं करायचं असलं तर..."

"चल म्हटलं ना दिनकर!"

ह्यांचा गुडघा एकसारखा वरखाली हालत होता. मी मागून सगळं बघत होते. पण विचारलं नाही. का विचारावं? पंधरवडा होत आला होता, आमचं बोलणं बंद होतं. बोलणं बंद म्हणजे माझं बंद. ह्यांचं तर लग्न झाल्यापासूनच बंद आहे. पाहुण्यांना "या बसा" मी म्हणायचं, शेजाऱ्याशी भांडायचं मी, पोरीच्या शाळेत मास्तरांना जाब विचारायचा तोही मी. हे आपले मागं उभे राहून मान हलवणार. शेवटी मी म्हटलं, मरू दे, आता माझंही तोंड बंद.

हे एसटीत ड्रायव्हर होते. लांबच्या गाडीवर. सगळ्या डेपोत ह्यांचा लौकिक होता की रंगराव मान्यांची गाडी थांब्याशिवाय थांबत नाही. एखादा म्हातारा फारच गयावया करायला लागला तर रस्त्याकडेला थांबवायचे, पण तो बिचारा झुडपामागं गेला न गेला की ह्यांचा हात हॉर्नवर. पोंऽऽ पोंऽऽ. निम्म्यातनंच नाडा आवळत पळत यायचा बापडा. आणि स्वतः? स्वतःसाठी ह्यांनी उभ्या नोकरीत एकदाही गाडी थांबवली नाही. घरी येऊन छाती काढून सांगायचे, "ड्रायव्हरला लघवी नसती, शालन." जसं काही देवानं ड्रायव्हर वेगळ्या मातीचे केलेत!

तर गोष्ट अशी झाली होती की धुणं धुताना ह्यांच्या पँटीच्या खिशात मला गोळ्यांचं पाकीट सापडलं. निम्म्या गोळ्या संपलेल्या. ह्यांना ना साखर, ना कसला आजार. मी घाबरले. शेजारच्या सुनंदाची सून औषधाच्या दुकानात कामाला आहे, तिला नेऊन दाखवलं. तिनं पाकीट उलटंपालटं केलं आणि पदर तोंडाला लावला.

"काय गं? काय झालं हसायला?"

"काकू, ही... पुरुषांची हाय."

"पुरुषांच्याच खिशात सापडली. कशावर असती?"

"म्हंजी तसली हाय ओ काकू. तसली."

मला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा तिथल्या तिथं धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पोरीचं लग्न ठरायला आलंय, जावई घरात यायचाय, आणि ह्या वयात, जेव्हा लोक गळ्यात माळ घालतात, तेव्हा ह्यांच्या खिशात ही गोळी!

संध्याकाळी ह्यांच्यापुढं पाकीट आपटलं. "ही कसली गोळी?"

"डॉक्टरनी दिलीया."

"कशाला?"

"असंच. रोज एक घ्यायची."

"असंच कोण देतं हो? शेंगदाणं हायत का ते?"

गप्प. खाली मान. मी म्हटलं, "सुनंदाच्या सुनेनं सांगितलंय मला, कसली हाय ते."

त्यावर हे लालेलाल झाले, पाकीट उचललं, खिशात घातलं आणि बाहेर निघून गेले. झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, माणसानं खोटं तरी बोलावं! खोट्याशी भांडता येतं. ह्या मुकेपणाशी कसं भांडायचं?

मग मला एकेक आठवायला लागलं. वर्षभर झालं, हे रात्री चारचारदा उठून परसात जात होते. आणि जाताना फोन घेऊन. अंधार असतो म्हणून बॅटरी लावायला, असं एकदा म्हणाले होते. बॅटरी! मला काय दूधखुळी समजतात का? माझ्या डोक्यात तेव्हा जे काय काय येऊन गेलं ते आता सांगायची सोय नाही. घरात आमच्यात काही असतं तर गोष्ट वेगळी. ते तर कधीच बंद झालं होतं. मग ही गोळी कुणासाठी?

पण आमच्या स्वप्नालीची सोयरीक तोंडावर होती. पोरगा पुण्यात चांगल्या नोकरीला, घरदार नावाजलेलं, आणि मुख्य म्हणजे दोघांनी एकमेकांना मनापासून पसंत केलेलं. पोरीच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी बघितला नव्हता. म्हटलं, आधी हे कार्य पार पडू दे. बापाची अब्रू काढायला उभा जन्म पडलाय. त्यांचं घर बघायचं आणि तिथंच सुपारी फोडून यायची असं ठरलं होतं. स्वप्नालीला घरी ठेवून आम्ही तिघं निघालो.

गाव वडूजच्या पलीकडं. रस्त्याला सावलीला म्हणून झाड नाही, नुसत्या खुरट्या बाभळी आणि उघडे माळ. हे खिडकीतून प्रत्येक बाभळीकडं डोळे लावून बघत होते. मी मनात म्हटलं, आता बाभळीत कोण दिसतंय ह्यांना?

तात्या जगदाळे, म्हणजे आमचे होणारे व्याही, अंगणातच उभे होते. आडदांड माणूस, आवाज तर सात शिवारांत जाईल असा. दिनकर गाडीतून उतरतोय तोवर ह्यांना मिठी मारून मोकळे. "या पावणं, या! लई वाट बघाय लावली!"

त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला एक पत्र्याची डबी अडकवलेली दिसत होती. दिनकरनं मला गाडीत सांगितलंच होतं. तात्यांचे थोरले भाऊ शेतात छाती धरून बसले आणि दवाखाना गाठेपर्यंत गेले. जिभेखाली ठेवायची गोळी वेळेवर मिळाली असती तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. तेव्हापासून तात्यांनी ती गोळी खिशातून हलू दिली नाही. लग्न असो, मयत असो, कुणी नुसतं छातीवर हात नेला की तात्यांची डबी उघडलीच. दोघातिघांना त्या गोळीनं जीवदान मिळालं म्हणून पंचक्रोशीत त्यांना मान होता. तात्यांची गोळी म्हणजे तिकडं अंगाऱ्यासारखी.

हे उंबऱ्यात जरा घुटमळले. इकडंतिकडं बघितलं. मला वाटलं, चपला कुठं काढायच्या ते बघतायत. तेवढ्यात तात्यांनी हात धरून थेट सोप्यात नेलं आणि सतरंजीवर लोडाला टेकून बसवलं.

"आता एक सांगतो पावणं," तात्या म्हणाले, "आमच्या घराची एक रीत हाय. सुपारी फुटंपत्तुर बैठकीतनं कुणी उठायचं न्हाई. मधी माणूस उठला की सोयरीक मोडती. आमच्या चुलतीच्या येळंला असंच झालं. एकजण मधी उठला, आन् पुढं सहा म्हैन्यात सगळा इस्कोट झाला. तवापास्नं आमी ह्यात तडजोड करत न्हाई."

"बराबर हाय," हे म्हणाले. आवाज अगदी खोल गेलेला.

बायकांची बसायची सोय माजघराच्या दारात होती. विहीणबाई माझ्याशी गोड बोलत होत्या, चुरमुऱ्याचे लाडू पुढं करत होत्या. बाई शांत, पण रीतीभातीला फार कडक, हे त्यांच्या कुंकवावरूनच कळत होतं. मी हो-हो करत होते आणि अर्धं लक्ष सोप्यात. पाण्याचा तांब्या आला. ह्यांनी तोंडही लावलं नाही. मला राग आला. पाहुण्यांच्या घरचं पाणी न पिणं कसं दिसतं? मी दारातून डोळे वटारले. चहा आला. हे कप हातात घेऊन बसले. तात्या म्हणाले, "घ्या की पावणं, गवती चहा घातलाय." तेव्हा औषध प्यावं तसा गटागटा प्यायले. पुन्हा चहा आला. तोही प्यावा लागला.

आणि बैठक काही संपेना! तारीख ठरली तर मुहूर्त सकाळचा की गोरजाचा. ते ठरलं तर हळद कुणाच्या दारात. तात्यांचे एक वयस्कर चुलते होते, ते मधेच स्वतःच्या लग्नात बैल कसा उधळला ते सांगत बसले. माणसं हसली की ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. ताटात पानसुपारी मांडून ठेवलेली, तिला कुणी हात लावेना. ह्यांचा चेहरा हळूहळू पांढराफटक पडत चालला होता. मांडी सारखी बदलत होते. कपाळावर घाम.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, ह्यांचं मन ह्यांना खात असेल. पोरीच्या सासरी बसलेत, स्वतःचे धंदे आठवत असतील. म्हटलं, फुटू दे घाम.

शेवटी चुलत्यांचा बैल तिसऱ्यांदा उधळला आणि हे ताडकन उठून उभे राहिले.

विहीणबाईंच्या हातातला लाडू हातातच राहिला. "अगं बाई, उठलं की ओ," असं त्या हळूच म्हणाल्या. मला डोळ्यांपुढं दिसली माझी स्वप्नाली! दारात उभी राहून वाट बघत असणार पोर.

"अहो, बसा!" मी दारातूनच ओरडले. पंधरवड्यातला पहिला शब्द.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, पण नजर ठरत नव्हती. एक पाऊल टाकलं, खांब धरला, दुसरा हात छातीवर गेला, आणि खांबाला घासत घासत खाली बसले.

"छाती! छाती धरली बघा!" कुणीतरी ओरडलं.

तात्या एवढे आडदांड, पण कसे धावले! ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं, डबी उघडली. "सरका, वारं येऊ द्या. पावणं, तोंड उघडा. जिभंखाली धरायची, गिळायची न्हाई."

ह्यांनी तोंड गच्च मिटलं.

"पावणं, आ करा. आ!"

मानेनं नाही. दात दातावर. मी तोवर धावत येऊन गुडघ्यावर बसले होते. रागबिग सगळा कुठल्या कुठं गेला. ह्यांचं अंग गार लागत होतं, ओठ पांढरे. एकच दिसत होतं की माझा माणूस चाललाय. समोर वाचवणारी गोळी आहे आणि हा हट्टी बाबा तोंड उघडत नाही!

"तोंड उघडा म्हणते मी!" मी ह्यांचे गाल दोन्ही बाजूंनी दाबले, लहान पोराला औषध पाजताना दाबतो तसे. "जन्मभर तोंड उघडलं न्हाई, आता तरी उघडा ओ! तात्या, घाला तुमी, मी धरते."

"धर दिनकर, पाय धर त्यांचं," तात्या म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. भाऊच दिसत असणार त्यांना. "आमच्या दादाला गोळी मिळाली न्हाई, आन् हितं गोळी हाय तर माणूस घेत न्हाई. काय म्हणावं ह्येला!"

गोळी ओठाला लागली. तेव्हा ह्यांनी सगळा जोर लावून मान फिरवली, माझ्या दंडाला धरलं आणि मला खाली ओढलं. इतकं की त्यांचे ओठ माझ्या कानाला लागले.

"शालन. ही गोळी नको. मी मरीन."

"काय?"

"माझी ती गोळी... आन् ही... दोन्ही एकदम चालत न्हाईत. डॉक्टरनी बजावलंय. छातीत दुखलं तरी जिभंखालची घ्यायची न्हाई. ज्यो कोण देईल त्येला आधी सांगायचं."

"मग सांगा की!"

"कसं सांगू? पावणं हायत." दम लागला. "लघवीची हाय ती. लघवी अडती माझी. वर्ष झालं. आन् सुनंदाची सून म्हणती ती पण तीच हाय. दोन्हीला तीच देत्यात."



"तू सांग," हे म्हणाले.

ऐकलंत? मरायला टेकलेला माणूस, आणि तेव्हाही 'तू सांग'! मला इतका संताप आला म्हणून सांगू, की त्या संतापानंच मला बळ आलं. सोप्यात सगळे जगदाळे जमलेले. माजघराच्या दारात बायकांची दाटी. आणि मी काय सांगायचं? जी गोष्ट पंधरवडाभर मी सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती, जी कळली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही असं म्हणत होते, ती मी पोरीच्या सासरी, तिच्या सासऱ्याच्या तोंडावर, ओरडून सांगायची. नाही सांगितली तर हे जाणार. सांगितली तर सोयरीक जाणार.

तात्यांनी पुन्हा गोळी पुढं केली. मी त्यांच्या हातावर फटका मारला. डबी उडाली आणि गोळ्या सोपाभर झाल्या.

"देऊ नका!" मी म्हटलं. "हे ती गोळी घेत्यात. पुरुषांची. तसली! तिच्यावर ही चालत न्हाई. माणूस मरतो!"

चुलत्यांनीसुद्धा बैल सोडला.

"तसली म्हंजी..." तात्या म्हणाले.

"तसलीच ओ तात्या! तुमाला कळली तीच. पण ह्यांना लघवीसाठी दिलीया. अडती ह्यांना. सकाळधरनं अडवून धरलीया ह्या माणसानं, तुमची रीत मोडाय नको म्हणून! आता कळलं? का अजून फोड करून सांगू?"

मागं बायकांत कुणीतरी खुसकन हसलं. विहीणबाईंनी नुसती मान वळवली आणि ते हसणं बंद झालं. मग त्याच आत आल्या. पदर खोचला. एक लोड उचलून ह्यांच्या पायाखाली सारला, दुसरा उचलून त्यावर ठेवला. "पाय वर राहू द्यात," म्हणाल्या. "आमच्या पोरी उपासानं चक्कर येऊन पडत्यात तवा आमी ह्येच करतो. आन् तुमी काय बघत उभं ऱ्हायलाय? गाडी लावा."

पाय वर केल्यावर ह्यांच्या तोंडावर जरा रंग आला. डोळे उघडले आणि पहिला शब्द काय, तर, "मोरी कुठंय?"

तात्या आणि दिनकरनं दोन्ही बाजूंनी धरून नेलं. दाराबाहेर मी उभी. आतून बराच वेळ काही आवाज नाही. तात्या म्हणत होते, "सावकाश, पावणं. हितं कोण घाई करतंय?" एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण त्या वेळी देवळात बोलावं तसं बोलत होता.

वडूजच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयानं आमच्या स्वप्नालीएवढ्या. छातीची पट्टी काढली, ती चांगली निघाली. रक्तदाब खाली गेलेला. त्यांनी ह्यांना विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

"न्हाई प्यालो."

"का?"

"प्याल्यावर जावं लागतंय."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग मला आणि तात्यांना बसवून समजावलं. पुरुषाच्या मूत्राशयाखाली एक गाठ असते, वयानं ती वाढते आणि वाट आवळते. ह्यांच्या गोळीनं तिथले स्नायू सैल पडतात, वाट मोकळी होते. पण ती गोळी तेवढ्याच जागी थोडीच थांबते? सगळ्या अंगातल्या रक्ताच्या नळ्याही थोड्या सैल पडतात. म्हणून तर ती दुसऱ्या कामालाही देतात. पाणी न पिता, मांडी घालून इतका वेळ तुंबवून बसायचं आणि एकदम उठायचं, मग रक्त पायातच राहतं आणि चक्कर येते.

"आणि जिभेखालची गोळीही तेच करते," बाई म्हणाल्या. "नळ्या सैल. फक्त झपाट्यानं. एकीवर दुसरी पडली असती तर रक्तदाब एकदम तळाला. मला इथं काही करता आलं असतं की नाही, सांगता येत नाही."

तात्यांनी डबी खिशातून काढली. गोळ्या वेचून परत भरल्या होत्या. झाकण उघडून पुन्हा मिटलं. "माझ्या हातनं गेलं असतं की ओ," म्हणाले. "दादाच्या नावानं देत होतो."

"देऊ नका असं नाही," बाई म्हणाल्या, "पण आधी विचारा, दुसरी कुठली गोळी घेता. आणि काका, तुम्ही. घरी का नाही सांगितलं?"

हे पंख्याकडं बघत राहिले. मला वाटलं, झालं, पुन्हा मौन. पण बोलले. "पहिल्यांदा गोळ्या आणायला गेलो, तवा दुकानातला पोरगा म्हणला, 'काय काका, ह्या वयात जोरात हाय!' चारचौघांत. सगळी हसली. मग मी सांगलीस्नं आणाय लागलो. हिला सांगितलं असतं तर ही पण हसली असती."

"हसले असते!" मी म्हटलं. "पोट धरधरून हसले असते. ड्रायव्हरला लघवी नसती म्हणून रोज चिडवलं असतं. पण जित्त्या माणसाला चिडवलं असतं ना ओ! आन् इकडं पंधरा दिस मी काय काय इचार केलं तुमच्याबद्दल, ते ठाऊक तरी हाय?"

"काय केलं?"

"घरी चला, सांगते."

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. मला काही हसू येत नव्हतं. मला रडू येत होतं आणि ह्यांना बडवावंसं वाटत होतं, दोन्ही एकदम. परसात ते फोनची बॅटरी खरंच बॅटरी म्हणून लावत होते. थंडीच्या दिवसांत तिथं कुडकुडत उभे राहायचे, चार थेंबांसाठी. आणि मी आत जागी राहून दात खात पडलेली. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं. काय मिळवलं ह्या माणसानं गप्प राहून?

सलाईन संपेपर्यंत ऊन कललं. तात्या बाहेर जाऊन फोनवर बोलत होते. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. पलीकडं विहीणबाई. बैठक तर मोडली होती.

"न्हाई, न्हाई, ताट हलवू नगंस. येतोय आमी... कसला अपशकुन? माणूस यमाच्या दारातनं परत आलाय, ह्याच्यापेक्षा शकुन कुठला पायजे? आन् चुलत्यास्नी सांग, आजपास्नं ज्येला उठायचंय त्येनं उठायचं... व्हय, मी सांगतोय. रीत माझ्या आजानं घातली, मी मोडली."

मी देवाला हात जोडले. दवाखान्यात देव नव्हता, कॅलेंडरला जोडले.

परत निघालो. हे पुढं, तात्या माझ्या शेजारी मागं. बाईंनी ह्यांना बाटलीभर पाणी प्यायला लावलं होतं. वडूज सोडून माळ लागला. त्याच बाभळी, तोच रस्ता. दिनकर बेतानं चालवत होता. ह्यांचा गुडघा हलायला लागला.

मी बघितलं. तोंडापर्यंत शब्द आला, "दिनकर, थांबव रे." पण गिळला. जीभ दाताखाली धरली. म्हटलं, नाही. आता नाही सांगणार मी.

एक बाभळ गेली. दुसरी गेली.

"दिनकर," हे म्हणाले. घसा साफ केला. मग तात्यांनाही ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "गाडी थांबीव. मला लघवीला जायचंय."

दिनकरनं असा ब्रेक लावला की गाडीतच राहिलेले पेढ्यांचे पुडे खाली पडले. हे दार उघडून, बाईंनी सांगितल्याप्रमाणं आधी जरा बसून, मग सावकाश उतरले. बाभळीकडं चालायला लागले.

तात्यांनी खिडकीतून बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग आपल्या बाजूचं दार उघडलं.

"पावणं, थांबा," म्हणाले, "मी बी येतो. सकाळधरनं मी तरी कुठं उठलोय?"

दोघं माळावर पाठमोरे उभे राहिले, एकमेकांपासून जरा अंतर ठेवून. ऊन उतरलं होतं. एक पांढरा सदरा, एक पिवळा. बराच वेळ झाला तरी हलेनात. मधेच तात्या काहीतरी म्हणाले आणि हे हसले. इतक्या लांबून मला त्यांचे खांदे हललेले दिसले.

दिनकरला ह्यांच्या एसटीचा सगळा इतिहास ठाऊक. तो आरशातून माझ्याकडं बघून मिश्कील हसला आणि हात हॉर्नवर नेला.

"खबरदार!" मी म्हटलं. "हात काढ तिथनं. होऊ दे त्यांचं सावकाश."